न्यू जर्सीच्या परसातली हरणं: एवढी झाली कशी आणि कमी का होत नाहीत?

एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, ब्रिजवॉटर या भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाच्या फोनमध्ये पहिल्या महिन्यातला एक फोटो हमखास असतो. मागच्या लॉनवर तीन-चार हरणं, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघणारी. फोटो लगेच पुण्याला, नाशकाला जातो आणि तिकडून "अय्या, दारात हरीण! मज्जा आहे बाबा तुमची" असं उत्तर येतं. मग पहिला उन्हाळा येतो. हौसेनं लावलेला वाल, भेंडी, टोमॅटो, सगळ्याचे एका रात्रीत नुसते दांडे उरतात. दोनेक वर्षांत तोच माणूस टाउनशिपच्या सभेत उभा राहून "याचं काहीतरी करा हो" म्हणत असतो, आणि पलीकडच्या खुर्चीवरून कुणीतरी कळवळून विचारत असतं, "त्यांचं जंगल आपण तोडलं, आता त्या मुक्या जिवांनी जायचं कुठे?"

हा प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो. आपण घरं बांधली, जंगल गेलं, बेघर झालेली हरणं आपल्या अंगणात आली, असं बहुतेकांच्या मनात पक्कं असतं. प्रत्यक्षात गोष्ट जवळजवळ उलटी आहे. या हरणाला सबर्बइतकं सोयीचं घर कधीच मिळालं नव्हतं. हे एकदा लक्षात आलं की पुढची सगळी गुंतागुंत आपोआप उलगडत जाते.

संपत आलेला प्राणी

हे हरीण म्हणजे आपलं चितळ नव्हे. हे व्हाइट-टेल्ड डियर. घाबरून पळताना शेपूट ताठ वर करतं आणि खालचा पांढराशुभ्र भाग दिसतो, त्यावरून हे नाव. नराला फांद्याफांद्यांची शिंगं येतात आणि दर हिवाळ्यात ती गळून पडतात.

१९०० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत ही हरणं जेमतेम तीन ते पाच लाख उरली होती, असा अंदाज आहे. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातडं विकण्यासाठी बेसुमार शिकार झाली. जंगलं साफ करून शेती झाली होती, त्यामुळे लपायलाही जागा नव्हती. पूर्वेच्या कित्येक राज्यांत हरीण दिसणं ही बातमी होऊन बसली.

मग कायदे आले. १९०० च्या लेसी कायद्यानं बेकायदा मारलेला प्राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं गुन्हा ठरलं आणि शिकारीच्या बाजाराला चाप बसला. शिकारीचा काळ ठरवून दिला गेला, मादी मारायला बऱ्याच ठिकाणी बंदी झाली, जिथे हरणं संपली होती तिथे दुसऱ्या राज्यांतून आणून सोडली गेली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. त्याच काळात पूर्वेकडची शेती परवडेनाशी होऊन शेतं ओस पडली आणि त्यांवर पुन्हा झाडोरा उगवला. आज अमेरिकेत ही हरणं तीन कोटींच्या घरात आहेत.

प्राणी वाचवण्याच्या इतिहासात याला घवघवीत यशच म्हणावं लागेल. पण "पुरे, आता थांबा" असं म्हणणारं कलम त्या व्यवस्थेत नव्हतं. राज्यांच्या वन्यजीव खात्यांचं उत्पन्न शिकारीच्या परवान्यांतून आणि त्या करातून येत राहिलं आणि शिकाऱ्याला रानात भरपूर हरणं हवी असतात. खात्यानं हरणं कमी करावीत अशी अपेक्षा लोक आज करतात, तेव्हा त्याच खात्याची घडण हरणं वाढवण्यासाठी झाली होती, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

सबर्ब म्हणजे मेजवानी

हे हरीण घनदाट जंगलातलं नाही. मोठ्या झाडांच्या गर्द सावलीत जमिनीलगत खायला फारसं काही नसतं. त्याला लागते ती कड: झाडी संपते आणि उघडं रान सुरू होतं तो पट्टा. आपल्याकडे शेतापेक्षा बांधावरच जास्त तऱ्हेची झाडंझुडपं आणि चारा दिसतो, तसंच. सबर्बमध्ये अशा बांधांखेरीज दुसरं काय असतं? अर्धा एकराचा प्लॉट, पुढे लॉन, मागे झाडांची एक पट्टी, ओढ्याकाठची थोडी राखीव जागा, मग पुन्हा कुणाचं तरी लॉन. दिवसा पट्टीत बसून रवंथ करायचं आणि अंधार पडला की जेवायला बाहेर यायचं.

आणि जेवणही साधं नाही. खत घातलेलं, पाणी दिलेलं, कोवळं. होस्टा नावाची रुंद पानांची शोभेची झाडं आणि ट्यूलिपचे कोंब म्हणजे हरणांचा जीव की प्राण. कुंपणासाठी लावलेल्या आर्बरव्हिटीच्या रांगा बघा: माणसाच्या छातीच्या उंचीपर्यंत भुंड्या आणि वर हिरव्यागार, कुणी पट्टी लावून कापल्यासारख्या. मान वर करून तोंड पोचतं तिथपर्यंतची ती रेघ. एक मोठं हरीण दिवसाला दोन-तीन किलो पाला सहज फस्त करतं.

भाजी कुणी खाल्ली, सशानं की हरणानं, हे ओळखायची सोपी खूण आहे. सशाचा चावा कात्रीनं तिरकं कापल्यासारखा स्वच्छ असतो. हरणाला पुढचे वरचे दात नसतात, खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत पाला धरून ते हिसका मारतं. त्यामुळे देठाचं टोक फाटकं, धागे निघालेलं दिसतं. तुळस, पुदिना, लसूण असल्या उग्र वासाच्या गोष्टींना ते सहसा तोंड लावत नाही. डॅफोडिल विषारी असल्यानं तीही सुटते. पण कडक हिवाळ्याच्या शेवटी पोटात आग पडलेली असेल तर "हे हरीण खात नाही" या नर्सरीतल्या पाटीवर फार विसंबू नये.

आता खाणारं कोण? पूर्वी लांडगे होते, प्यूमा होता, जो इथे माउंटन लायन किंवा कूगर म्हणून ओळखला जातो. पूर्वेत दोन्ही माणसानं कधीच संपवले. २०१८ साली पूर्वेकडच्या कूगरचं नाव संरक्षित प्राण्यांच्या यादीतून काढलं गेलं, कारण तो उरलाच नव्हता. लांडग्याचे लहान जातभाई, कायोटी, आले आहेत, पण ते मुख्यतः नवजात पाडसं उचलतात. धडधाकट हरणांच्या कळपाला आवर घालणं त्यांच्या कुवतीबाहेरचं आहे.

राहिला माणूस. इथे कायद्याचं गणित मजेशीर आहे. न्यू जर्सीत लोक राहत असलेल्या इमारतीपासून ४५० फुटांच्या आत, मालकाच्या परवानगीशिवाय, बंदूक घेऊन शिकार करता येत नाही. ४५० फूट त्रिज्येचं वर्तुळ काढा, साडेचौदा एकर भरतात. म्हणजे एकेका घराभोवती साडेचौदा एकर सुरक्षित क्षेत्र, आणि शेजारच्या घराचं वर्तुळ याच्यात मिसळलेलं. अशी वर्तुळं जोडत गेलात तर अख्ख्या टाउनशिपमध्ये बंदूक चालवायला जागाच उरत नाही. २०१० मध्ये धनुष्यबाणासाठी ही मर्यादा १५० फुटांवर आणली, तेव्हा वर्तुळ दीड एकराच्या थोडं वर आलं. सबर्बमध्ये आज जी काही शिकार होते ती बहुतेक धनुष्यबाणाचीच, आणि त्यामागे हे भूमितीचं कारण आहे. माणसांच्या सुरक्षेसाठी नियम हवाच, यात वाद नाही. पण त्याचा परिणाम म्हणून आपण नकळत हरणांसाठी राज्यातलं सर्वांत मोठं अभयारण्य उभं केलं.

माद्यांचं गणित

ऑक्टोबर ते डिसेंबर हा माजाचा काळ, नोव्हेंबरमध्ये सर्वांत जोर. सुमारे २०० दिवसांनी, मे-जूनमध्ये पाडसं होतात. पोटभर खाणाऱ्या मादीला जुळी होणं हे नेहमीचंच. चारा भरपूर असेल तर त्या वर्षी जन्मलेली मादी सहा-सात महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते.

मिशिगनमध्ये जॉर्ज रिझर्व्ह नावाची कुंपण घातलेली संशोधनाची जागा आहे. १९२८ मध्ये तिथे ६ हरणं सोडली, ४ माद्या आणि २ नर. १९३३ च्या शेवटी मोजणी केली तेव्हा १६० च्या आसपास निघाली. पाच-सहा वर्षांत!

आपल्या टाउनशिपसाठी एक कल्पनेतला हिशेब मांडू. शंभर हरणं आहेत, त्यांत ५० वयात आलेल्या माद्या. वसंतात ९० पाडसं झाली आणि त्यांतली निम्मीच जगली असं धरू: ४५. वर्षभरात गाड्यांखाली, आजारानं, म्हातारपणानं १५ गेली. तरी पुढच्या वर्षी १३०. म्हणजे संख्या नुसती शंभरावर स्थिर ठेवायची तरी दर वर्षी ३० हरणं कमी व्हायला हवीत. कमी करायची असतील तर त्याहून जास्त. शिवाय ती माद्याच असायला हव्यात, कारण एक नर कित्येक माद्यांना पुरतो. शिकाऱ्याला मात्र भिंतीवर लावायला शिंगं हवी असतात. म्हणून न्यू जर्सीच्या काही विभागांत नियमच असा आहे की आधी बिनशिंगाचं हरीण मारा, मग नराची परवानगी मिळेल.

हा हिशेब डोक्यात ठेवून उपायांकडे गेलं की कुठला उपाय का फसतो ते चटकन दिसतं. पण आधी तोट्यांबद्दल, कारण बागेचं नुकसान हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग आहे.

गाड्या, गोचिडी आणि रिकामं जंगल

रस्त्याचं सगळ्यांना माहीत असतं. अमेरिकेत प्राण्यांना धडकल्याचे विम्याचे दावे वर्षाला अठरा लाखांच्या आसपास जातात, असा स्टेट फार्म या विमा कंपनीचा अंदाज आहे. त्यांत बहुतांश हरणं. माणसं दगावतात ती वर्षाला दोनशेच्या आसपास. नेमका हंगाम आपल्या सणांचा: दसऱ्यापासून दिवाळी संपेपर्यंत, गरबा किंवा दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला अंधारात गाडी काढायचे दिवस. नर माद्यांच्या मागे धावत सुटलेले असतात, रस्त्याचं भान नसतं. त्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळ एक तास मागे जातं आणि ऑफिसहून परतायची वेळ नेमकी अंधारात येते. त्या आठवड्यात धडका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतात, असं २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं.

दोन गोष्टी इथे कामाच्या. एक हरीण गेलं की मोकळा रस्ता समजू नका, मागे दुसरं असतंच. आणि समोर आलंच तर ब्रेक दाबा, पण स्टिअरिंग फिरवू नका. झाडावर किंवा समोरच्या गाडीवर आदळणं हरणापेक्षा जास्त जीवघेणं असतं. विम्याचाही फरक पडतो: हरणाला धडक ही बहुधा कॉम्प्रिहेन्सिव्ह या विम्याच्या भागात बसते, त्याला चुकवताना झाडाला धडक ही कोलिजन या दुसऱ्या भागात जाते आणि चूक तुमच्या नावावर लागू शकते.

गोचिडीचं प्रकरण मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे अर्धवट माहितीच फार फिरते. १९७५ मध्ये कनेक्टिकटमधल्या लाइम गावात आणि आसपास मुलांचे गुडघे सुजण्याच्या तक्रारी एकाएकी वाढल्या. पॉली मरे नावाच्या एका आईनं नोंदी ठेवून पिच्छा पुरवला म्हणून डॉक्टरांचं लक्ष गेलं. त्या गावावरून आजाराला लाइम हे नाव पडलं. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर या संशोधकांना गोचिडीत त्याचा जंतू सापडला. आज अमेरिकेत दर वर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचा अंदाज आहे.

हा जंतू हरणाकडून येत नाही. अंड्यातून निघालेली गोचीड निर्जंतुक असते. ती पहिलं रक्त पिते ते बहुधा पांढऱ्या पायांच्या रानउंदराचं, आणि जंतू तिथे शिरतो. पुढच्या वसंतात ती खसखशीच्या दाण्याएवढी होते आणि मे ते जुलैमध्ये माणसाला चावते ती हीच, कारण दिसतच नाही. मोठी झाल्यावर शरद ऋतूत ती हरणावर चढते, तिथेच नर-मादी जमतात, मादी पोटभर रक्त पिऊन खाली पडते आणि हजारेक अंडी घालते. थोडक्यात, रोग देतो उंदीर आणि गोचिडींचा वंश पोसतं हरीण.

मग हरणं कमी केली तर लाइम कमी होईल का? मेन राज्यातल्या मॉनहेगन बेटावर १९९६ ते १९९९ या काळात सगळी हरणं मारली गेली आणि पुढच्या वर्षांत तिथल्या गोचिडी जवळजवळ संपल्या. पण ते बेट होतं आणि हरणं शून्यावर आणली होती. मुख्य भूमीवर थोडीफार हरणं कमी केल्यानं तसा सरळ परिणाम दिसलेला नाही. दहाऐवजी पाच हरणं राहिली तर पाचांच्या अंगावर जास्त गोचिडी, एवढंच. म्हणून टाउनशिपच्या सभेत "लाइम थांबवण्यासाठी हरणं मारा" असं कुणी ठणकावून सांगितलं तर ते वाक्य पुराव्याच्या पुढे धावतंय असं समजावं.

आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. लाइमचा लाल चट्टा पुस्तकात गोऱ्या कातडीवर दाखवतात, लक्ष्यासारखी ठळक वर्तुळं. सावळ्या त्वचेवर तो तसा दिसतोच असं नाही, कधी नुसता जांभळट किंवा काळसर डाग असतो आणि दुर्लक्ष होतं. बागेतून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत, कंबरेच्या पट्ट्याखाली बोटं फिरवून बघा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. लाइमचा जंतू शिरायला साधारण एक दिवसाहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे रोजची तपासणी खरंच उपयोगी पडते. दक्षिण न्यू जर्सीत लोन स्टार नावाची दुसरी गोचीड आहे. तिच्या चाव्यानंतर काही जणांना अल्फा-गॅल नावाची अॅलर्जी जडते: मटण खाल्ल्यावर काही तासांनी अंगावर पित्त उठतं, कधी जिवावर बेततं, काहींना दूधदुभतंही सोसत नाही. रविवारच्या रश्श्यानंतर मध्यरात्री असं झालं तर मसाल्याला दोष देण्याआधी डॉक्टरांना गोचीड आठवून सांगा.

आणि आता जंगल. माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान इथलं, आणि सर्वांत कमी बोललं जातं तेही याबद्दलच, कारण ते दिसत नाही. रस्त्यावरून बघाल तर झाडी हिरवीगार. आत शिरा आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीत बघा. मोकळं. एका टोकापासून दुसरं टोक दिसतं. नवख्याला वाटतं, काय छान साफ जंगल आहे. खरं तर त्या जंगलात लहान मुलंच नाहीत. शंभर वर्षांचे ओक उभे आहेत, खाली त्यांची फळं पडतात, रोपं उगवतात आणि वीतभर होण्याआधी खाल्ली जातात. आजचा ओक पडेल तेव्हा त्याची जागा घ्यायला कुणी नसेल.

जिथे संशोधकांनी जंगलाच्या एखाद्या तुकड्याला उंच जाळी लावली आहे, तिथे काही वर्षांनी कुंपणाजवळ उभं राहावं. आत रोपं, झुडपं, ट्रिलियमची तीन पाकळ्यांची फुलं. बाहेर नेचे, जपानी स्टिल्टग्रास आणि काटेरी बार्बेरी. ही मंडळी हरणांना आवडत नाहीत, म्हणून स्पर्धक खाल्ले गेले की ती पसरतात. बार्बेरीच्या दाट, दमट जाळीत गोचिडींचीही चंगळ होते.

झुडपं गेली की त्यांत घरटी करणारे पक्षी जातात. पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगात दर चौरस मैली हरणं २० च्या वर गेली की मधल्या उंचीवर घरटी बांधणाऱ्या पक्ष्यांच्या जाती घटताना दिसल्या. काही सबर्बमध्ये हा आकडा शंभरावर गेलेला आहे. आपल्याकडे याचं जवळचं उदाहरण अंदमान. तिथे ब्रिटिशांनी चितळ नेऊन सोडलं, त्याला खाणारं कुणी नव्हतं, आणि आज तिथल्या जंगलाची नवी पालवी तेच चितळ खुडतंय. चितळ वाईट नाही, हे हरीणही वाईट नाही. वाघाशिवायचं चितळ आणि लांडग्याशिवायचं हे हरीण वेगळं वागतं, इतकंच.

मग करायचं काय?

"पकडून दुसरीकडे सोडा" ही सर्वांची पहिली सूचना. पकडताना बसलेल्या धक्क्यानं आणि नव्या जागी रस्ते, शिकारी अन् थंडी सोसत नसल्यानं त्यांतली बरीच मरतात. शिवाय क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग तीसहून जास्त राज्यांत पोचलाय. हरणं इकडून तिकडे नेणं म्हणजे तो पोचवणं, म्हणून अनेक राज्यांत यावर बंदीच आहे. आणि सोडायचं कुठे? शेजारच्या टाउनशिपलाही ती नकोच आहेत.

संततिनियमन सर्वांना आवडतं, कारण कुणी मरत नाही. पीझेडपी नावाची लस बाणातून माद्यांना देता येते. न्यूयॉर्कच्या फायर आयलंडवर १९९३ पासून हा प्रयोग चालला आणि काही वस्त्यांत हरणं खरोखर कमी झाली. पण ते बेट. पुन्हा-पुन्हा लस द्यावी लागते, बहुसंख्य माद्यांना गाठावं लागतं, आणि एकदा बाण खाल्लेली मादी दुसऱ्या वेळी माणूस दिसताच पसार होते. त्यात ही हरणं दहा-बारा वर्षं जगू शकतात, म्हणजे जन्म थांबवले तरी आजची हरणं उद्याही होस्टा खाणारच.

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकामध्ये कॉर्नेल विद्यापीठानं वेगळी वाट धरली. माद्यांच्या नळ्या बांधून टाकल्या, दर मादीमागे हजारेक डॉलर खर्च आला. पाडसं कमी झाली, पण एकूण हरणं कमी होईनात. कारण नळ्या बांधल्या तरी मादी माजावर येतच राहते, गाभण राहत नाही म्हणून महिन्या-महिन्यानं पुन्हा येते, आणि तिच्या वासानं आजूबाजूचे नर विद्यापीठाच्या आवारात गोळा होऊ लागले. शेवटी विद्यापीठाला मारण्याकडे वळावं लागलं.

स्टॅटन आयलंडची कथा तर न्यू जर्सीशीच जोडलेली. तिथली हरणं न्यू जर्सीतून पोहत गेली. २००८ मध्ये मोजली तेव्हा २४. २०१४ मध्ये विमानातून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं मोजली तर ७६३, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अंदाज दोन हजारांवर गेला. न्यूयॉर्क शहरात शिकारीला बंदी, म्हणून २०१६ पासून शहरानं चक्क नरांची नसबंदी सुरू केली. दीड हजारांहून जास्त नर झाले, लाखो डॉलर गेले. चार-पाच वर्षांत संख्या सुमारे पाचव्या हिश्शानं उतरली. याला यश म्हणायचं की अपयश? खर्च बघितला तर डोळे पांढरे होतात. पण न मारता संख्येला उतरण लागली, हेही खरं. मला विचाराल तर बेटाला ते परवडलं. पाण्यानं निदान येणारी-जाणारी वाट अरुंद ठेवली होती. प्लेन्सबरो किंवा ब्रिजवॉटरला कुठलीच वेस नाही.

मारण्याच्या बाजूला प्रिन्स्टनचं उदाहरण आहे. २००१ पासून तिथे व्यावसायिक नेमबाज बोलावले गेले. मका टाकून हरणं एका जागी यायची सवय लावायची आणि रात्री आवाज दाबलेल्या बंदुकीनं उंचावरून खाली नेम धरायचा, म्हणजे गोळी जमिनीत जाते. गावात प्रचंड वादळ उठलं, लोक कोर्टात गेले. प्रिन्स्टन, आयोवा सिटी आणि ओहायोतलं सोलन या तीन ठिकाणच्या कामाचा हिशेब २००८ मध्ये प्रसिद्ध झाला: हरणं ५४ ते ७६ टक्के कमी झाली आणि गाड्यांच्या धडका ४९ ते ७८ टक्के. आकडा चोख आहे, पण तो मोहिमा चालू असतानाचा. दोन वर्षं काम थांबवलं की माद्यांचं गणित पुन्हा पहिल्यापासून चालू होतं. मांस वाया जात नाही. अमेरिकेत शिकारीतलं हरणाचं मांस विकता येत नाही, पण दान करता येतं, आणि न्यू जर्सीत हंटर्स हेल्पिंग द हंग्री ही संस्था १९९७ पासून ते अन्नदान केंद्रांपर्यंत पोचवते.

लांडगे परत आणा, असंही कुणी म्हणतं, आणि ते वाटतं तितकं अचाट नाही. विस्कॉन्सिनमध्ये लांडगे परतलेल्या भागांत हरणांच्या धडका २४ टक्क्यांनी घटल्या, असा २०२१ चा अभ्यास आहे. गंमत म्हणजे त्यात लांडग्यांनी खाल्लेल्या हरणांपेक्षा त्यांच्या भीतीचा वाटा मोठा होता. लांडगे रस्त्यांच्या कडेनं हिंडतात म्हणून हरणं रस्ते टाळू लागली. पण एडिसनच्या बसस्टॉपवर पोरं उभी असताना लांडग्याचा प्रस्ताव कोण मांडणार?

आपल्या मराठी घरांत या चर्चेला आणखी एक पदर असतो. पंचवटीपासून हरीण म्हणजे गोजिरवाणं असं मनात बसलेलं, घरात कुणी माळकरी, कुणी जैन शेजारी. ती भावना खोटी नाही आणि सभेत मांडायला लाजायचंही कारण नाही. मात्र "काहीच करू नका" हादेखील एक निर्णय आहे. त्यातही हरणं मरतातच, फक्त बंपरखाली, आणि सोबत ओकची रोपं आणि पक्षीही जातात. जीवशास्त्राच्या दृष्टीनं एखाद्या जागेत किती हरणं तगतील आणि तिथल्या माणसांना किती चालतील, हे दोन वेगळे आकडे असतात. टाउनशिपमधला वाद बहुतेक वेळा दुसऱ्या आकड्यावरून असतो आणि तो पहिल्या आकड्याच्या भाषेत घातला जातो.

घरापुरतं बोलायचं तर खात्रीचा उपाय आठ फुटी जाळीचा, आणि बऱ्याच टाउनशिप सहा फुटांवर कुंपण उंच करू देत नाहीत. भाजीचा वाफा छोटा आणि अरुंद ठेवला तर कमी उंचीही चालते, कारण पलीकडे उतरायला जागा दिसली नाही तर हरीण उडी मारायला कचरतं. कुजक्या अंड्याचा फवारा काम करतो, पण प्रत्येक पावसानंतर पुन्हा मारावा लागतो आणि त्या दिवशी डेकवर चहा घ्यायचा विचार सोडावा. पोळीचे तुकडे आणि भाजीची देठं हरणांसाठी बाहेर टाकायची सवय असेल तर ती आधी मोडा, कित्येक गावांत त्याला दंडही आहे.

आणि टाउनशिपनं योजना मांडली की तीनच गोष्टी विचारा. आज हरणं किती आहेत आणि ती कशी मोजली? दर वर्षी किती माद्या कमी होणार, मारून किंवा वांझ करून? आणि तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षाचा पैसा बजेटमध्ये कुठे दाखवलाय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुधा मिळतात.